संगणकाच्या उत्तराचा ताळा: सिम्युलेशनवर भरवसा ठेवण्याआधी कंत्राटात काय लिहून घ्यावं

एखादा पूल खचला किंवा कारखान्याचं छप्पर कोसळलं, की पहिल्या दोन दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बांधकामाचं संगणकावर विश्लेषण झालं होतं आणि ते सुरक्षित आढळलं होतं.’ वाचणारा गोंधळतो. संगणक आकडेमोडीत चुकत नाही हे तो ऐकून असतो, आणि कोसळलेला सांगाडा तर समोर दिसतो.

अशा वेळी विचारायला हवं, की त्या उत्तराचा ताळा कोणी घेतला होता का? शाळेत भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून भाज्य परत येतो का, ते पाहायला शिकवतात. कोट्यवधींच्या कामात तेवढंही होत नाही, हे अनेकदा घडतं. गंमत अशी, की त्याच कामावरच्या काँक्रीटला मात्र कडक शिस्त असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे दीडशे मिलिमीटरचे तीन क्यूब, म्हणजे घनाकृती ठोकळे, मिळून एक नमुना. सहा ते पंधरा घनमीटर काँक्रीटला दोन नमुने, एकतीस ते पन्नासला चार. अठ्ठावीस दिवसांनी ते फोडायचे, आणि एखादा क्यूब सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त लांब गेला तर तो नमुनाच बाद. हे सगळं कंत्राटात असतं. पण भिंत किती जाड हवी हे ज्या सिम्युलेशनने ठरवलं, त्याचा अहवाल रंगीत चित्रं पाहून मंजूर होतो. जास्त ताण दाखवणारा लाल भाग कमी आणि निळा जास्त दिसला, की सही.

सिम्युलेशन म्हणजे काय

वेड्यावाकड्या बांधाचं शेत मोजायचं असेल तर मोजणीदार त्याचे त्रिकोण पाडतो. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढणं सोपं. सगळे मिळवले की शेत मोजून झालं. ओढ्याकाठची वळणदार कड सरळ रेषांनी धरल्यामुळे थोडी चूक राहते. त्रिकोण बारीक केले की ती कमी होते.

सिम्युलेशनही असंच चालतं. धरण, खांब किंवा बसचा सांगाडा यांचे हजारो-लाखो छोटे तुकडे पाडतात. या जाळीला मेश म्हणतात. प्रत्येक तुकड्यासाठी बल आणि वाकण्याची सोपी समीकरणं मांडून संगणक ती एकत्र सोडवतो. वस्तूच्या आत प्रत्यक्षात काय घडतं ते त्याला दिसत नाही. आपण दिलेली मेश, आपण दिलेले भार, आपण सांगितलेले आधार, एवढ्यावर तो हिशोब करतो.

म्हणून चूक दोन प्रकारची असू शकते, आणि दोन्हींची तपासणी वेगळी आहे. दिलेली समीकरणं नीट सुटली का, ही झाली पडताळणी. तिला मी इथे ताळा म्हणेन. मुळात समीकरणंच खऱ्या वस्तूला लागू पडतात का, ही झाली कसोटी. ताळा कागदावर जमतो. कसोटीला प्रत्यक्षातलं मोजमाप लागतं. निविदांमध्ये ‘निकालांची पडताळणी करावी’ एवढं मोघम लिहिलेलं असतं, तेव्हा यांतलं काय अपेक्षित आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

ताळा न घेतल्याची किंमत: स्लाइपनर

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइपनर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया हळूहळू पाण्यात उतरवला जात होता. पुढे त्यावर ५७ हजार टनांचा डेक बसायचा होता. एकमेकांना चिकटलेल्या २४ पोकळ काँक्रीटच्या कोठ्यांचा हा पाया. तीन कोठ्या जिथे भिडतात तिथे मध्ये त्रिकोणी फट राहते. ही फट वरून समुद्राला उघडी, त्यामुळे ती पाण्याने भरलेली. शेजारच्या कोठ्यांत मात्र तेवढं पाणी नाही. म्हणजे फटीतलं पाणी तिच्या भिंती बाहेरच्या बाजूला रेटतं, आणि जितकं खोल जावं तितका रेटा वाढतो.

६५ मीटर खोलीवर अशी एक भिंत फुटली. पंप पुरे पडले नाहीत आणि अख्खी रचना तळाला गेली. ती आपटल्याचा धक्का भूकंपमापकांवर ३ रिश्टर इतका नोंदला गेला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत कारण सापडलं ते मेशमध्ये. फटीच्या भिंतींसाठी तुकडे फार मोठे आणि तिरके पाडले होते. परिणामी भिंतीतला कातर ताण, म्हणजे कात्रीसारखा कापू पाहणारा ताण, ४७ टक्क्यांनी कमी आला. त्या आकड्यावरून भिंतीची जाडी ठरली, आणि कोपऱ्यातल्या सळ्या आखूड ठेवल्या गेल्या. नंतर काळजीपूर्वक मेश करून तेच गणित पुन्हा केलं, तेव्हा भिंत ६२ मीटरवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ वर फुटली. याचा अर्थ पद्धत उत्तम होती. कमी पडला तो ताळा.

हा ताळा कागदाच्या तुकड्यावर झाला असता. समुद्राचं पाणी ६५ मीटर उंचीचं, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६५० किलोन्यूटन दाब, ढोबळमानाने ६५ टन वजन. हा दाब गुणिले भिंतीच्या लांबीचा निम्मा भाग, एवढा कातर भिंतीच्या टोकाला हवाच. दुसरा काही मार्गच नाही, कारण भिंतीवरचा भार दोन टोकांनीच पेलायचा असतो. अहवालातला आकडा याच्या निम्म्यावर दिसल्याबरोबर काम थांबायला हवं होतं. पुढे बदली पायाचं डिझाइन करताना वेळ कमी होता, म्हणून अभियंत्यांनी सुरुवातीला संगणकापूर्वीच्या काळातल्या हातगणितावरच भिस्त ठेवली. तो प्लॅटफॉर्म १९९३ मध्ये उभा राहिला.

मेश पुरेशी बारीक आहे हे कसं ओळखायचं

एका मेशवरचं उत्तर कितीही सुबक दिसलं तरी त्यात चूक किती आहे ते त्यावरून कळत नाही. तेच गणित तीन मेशवर करायचं, दर वेळी तुकड्याची बाजू निम्मी करत.

समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. तुळई मध्यभागी किती वाकते ते काढायचं आहे. जाड मेशवर ९.२० मिलिमीटर, मधल्या मेशवर ९.८०, बारीक मेशवर ९.९५. पहिला फरक ०.६०, दुसरा ०.१५, म्हणजे फरक चौपट घटला. बाजू निम्मी केल्यावर चूक चौपट घटणं हे अशा मेशकडून अपेक्षितच असतं. आता उरलेली चूक शेवटच्या फरकाच्या एक तृतीयांश, म्हणजे ०.०५, असं गणित सांगतं. तुकडे अगदी शून्याकडे नेले तर उत्तर १०.०० कडे जाईल. सिम्युलेशनमधल्या चुकांचा अभ्यास करणारे पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये अशा अंदाजाला राखीव पट लावण्याची पद्धत मांडली; तीन मेश असतील तर हा पट सव्वा धरतात. तशी राखीव धरली तर बारीक मेशची अनिश्चितता सुमारे ०.६ टक्के येते. तीनऐवजी दोनच मेश केल्या असतील, तर राखीव सव्वापट नाही, तिप्पट धरायची.

फरक घटण्याऐवजी वाढत असेल तर? बहुतेक वेळा आतला धारदार कोपरा हे त्याचं कारण असतं. समीकरणांच्या दृष्टीने अशा कोपऱ्यातला ताण अमर्याद असतो, म्हणून मेश जितकी बारीक कराल तितका आकडा वर चढत जातो, कधीच थांबत नाही. अशा बिंदूवरचा ‘कमाल ताण’ अहवालात छापणं निरर्थक आहे. कोपऱ्याला प्रत्यक्षात जी गोलाई असते ती मॉडेलमध्ये घालावी, किंवा ताण थोडं दूर वाचावा. आणि याच्या उलट, सोयीचा आकडा मिळाला त्या मेशवर थांबायचं, हा प्रकार त्याहून वाईट. तीन मेशची अट आधी लिहिलेली असली की तो बंद होतो.

पाच मिनिटांत होणारे ताळे

आधारांवरच्या प्रतिक्रियांची, म्हणजे आधार उलट रेटतात त्या बलांची, बेरीज दिलेल्या भाराइतकी आली पाहिजे. शंभर टन भार दिला आणि आधारांवर अठ्ठ्याण्णवच पोचत असतील, तर दोन टन कुठे गेले ते सापडेपर्यंत पुढचं पान उलटू नये. रचना सममित असेल तर उत्तरही सममित हवं. मॉडेलने दाखवलेलं रचनेचं स्वतःचं एकूण वजन ड्रॉइंगवरून काढलेल्या वजनाशी जुळलं पाहिजे.

हा शेवटचा ताळा एककांची चूक पकडतो. लांबी मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये आणि वेळ सेकंदात घेतली, की वस्तुमान टनांत द्यावं लागतं. मग पोलादाची घनता ७८५० देऊन चालत नाही; ती ०.००००००००७८५ अशी द्यावी लागते. एक शून्य इकडचं तिकडे झालं तरी चित्र तेवढंच सुंदर येतं.

कसोटी: कोयनेचं धरण

ताळा जमला याचा अर्थ गणित नीट सुटलं, इतकाच. गणित खऱ्या जगाला धरून आहे का हे पाहायला खरी घटना लागते. जगभरचे अभियंते त्यासाठी महाराष्ट्रातलं एक धरण वापरतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपाचं बल धरणाच्या वजनाच्या पाच टक्के, तेही स्थिर, असं धरलं होतं. त्या काळची रीतच ती होती. धरणातल्या उपकरणाने धरणाच्या आडव्या दिशेत जो धक्का नोंदला, तो गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मा होता. धरण उभं राहिलं, पण उंच भागांत दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, बहुतेक पायापासून साधारण ६६ मीटर उंचीवर. धरणाच्या पाण्याविरुद्धच्या अंगाचा उतार तिथे एकदम बदलतो. नंतर त्या उंच भागांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी दिली.

जुन्या स्थिर पद्धतीने गणित केलं तर त्या जागी भेग पडण्याचं कारण दिसत नाही. चोप्रा आणि चक्रवर्ती या संशोधकांनी १९७३ मध्ये धरणाचं हलणं धरून विश्लेषण केलं, तेव्हा उताराच्या बदलापाशीच ताण काँक्रीटच्या ताकदीपलीकडे जाताना दिसला. जुन्या पद्धतीच्या गणितात बेरजेची चूक नव्हती. समीकरणच अपुरं होतं. कितीही बारीक मेश केली असती तरी ते दुरुस्त झालं नसतं.

तेव्हापासून धरणातल्या भेगांसाठी नवी पद्धत काढली, की ती आधी कोयनेवर चालवून पाहतात. धक्क्याची नोंद आहे, धरणाचे आकार माहीत आहेत, भेग कुठे पडली ते माहीत आहे. पण इथे एक खाच आहे. उत्तर आधीच माहीत असलं की काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद किंवा कंप विरण्याचं प्रमाण थोडं मागेपुढे करून भेग हव्या त्या जागी आणता येते. ते मॉडेल जुळवणं झालं. कसोटी तेव्हाच, जेव्हा आकडे आधी गोठवले जातात आणि निकाल नंतर उघडतो.

हे नियमात कसं लिहितात: उलटणारी बस

युनोच्या वाहन-नियमांतला क्रमांक ६६ बसच्या सांगाड्याविषयी आहे. भारतातला एआयएस-०३१ हा त्याच वळणाचा. बस एका फलाटावर हळूहळू कलवून ८०० मिलिमीटर खालच्या काँक्रीटच्या जमिनीवर पाडतात. सांगाडा चेपला तरी प्रवाशांसाठी ठरलेली जागा शाबूत राहिली पाहिजे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत वाहनांच्या अशा चाचण्या होतात.

खरी बस पाडण्याऐवजी सिम्युलेशन द्यायलाही नियम ६६ मुभा देतो, पण अटी घालून. आकडेमोडीच्या पद्धतीमुळे उपजणारी, प्रत्यक्षात नसलेली ऊर्जा कोणत्याही क्षणी एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. गणित काळाच्या ज्या छोट्या टप्प्यांनी पुढे सरकतं, त्यांच्या लांबीवर निकाल अवलंबून असता कामा नये. आणि सांधे, खांब अशा सुट्या भागांच्या चाचण्या करून मॉडेल कसोटीला उतरवून दाखवावं लागतं. अख्खी वस्तू तपासणं परवडत नसेल तर आधी साहित्य, मग सांधा, मग जोडणी, असं पायरीपायरीने वर जायचं. पूर्णपणे नव्या रचनेची कसोटी कशी घ्यायची, या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे.

कंत्राटात काय हवं

कंत्राटातली प्रत्येक अपेक्षा चारांपैकी एका मार्गाने सिद्ध होते: पाहून, हिशोबाने, चालवून दाखवून किंवा चाचणी घेऊन. प्रत्येक कलमासमोर मार्ग, मर्यादा, तपासणारा आणि पुरावा कधी द्यायचा, असा तक्ता निविदेलाच जोडावा. ‘रचना पुरेशी मजबूत असावी’ हे कलम कोणीच सिद्ध करू शकत नाही. ‘अमुक भाराखाली मध्यभागी अमुक मिलिमीटरपेक्षा जास्त वाकू नये’ हे करता येतं.

तक्ता नुसता असूनही भागत नाही, तो पाळला गेला का हे कोणीतरी पाहावं लागतं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी नष्ट झालं. कंत्राटदाराच्या प्रणालीने जोराचे आकडे न्यूटन-सेकंदांत द्यावेत असं ठरलेलं होतं. ते आले पाउंड-सेकंदांत, म्हणजे ४.४५ पटींचा फरक. कलम होतं. पण आलेली फाइल त्या कलमाशी लावून पाहिली गेली नाही.

सिम्युलेशनसाठी लिहून घ्यायच्या गोष्टी अशा: सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, नाफेम्ससारख्या सिम्युलेशनच्या दर्जासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमाण उदाहरणांवर, त्याच आवृत्तीत, कंत्राटदाराच्या माणसांनी काढलेली उत्तरं, तीन मेशचे निकाल आणि त्यातून आलेली अनिश्चितता, निर्णायक प्रत्येक आकड्यासमोर हाताने काढलेला आकडा, आणि फरक ठरलेल्या टक्क्यांवर गेला तर लेखी कारण, मॉडेलमधल्या प्रत्येक गृहीतकाचा उगम. चालू शकणाऱ्या मूळ फाइलीही मालकाकडे यायला हव्यात, नुसती पीडीएफ नव्हे. या कामाचं बिल वेगळा टप्पा म्हणून ठेवावं. अहवाल आणि ताळा एकाच बिलात असले की पैसे निघतात आणि ताळा राहून जातो.

आपल्याकडे पुलांच्या, मेट्रोच्या कामांत प्रूफ चेकिंग, म्हणजे डिझाइनची दुसऱ्या अभियंत्याकडून तपासणी, असतं. ते कामाचं आहे, पण तपासणाऱ्याला डिझाइनरचीच फाइल दिली आणि त्याने ती पुन्हा चालवली, तर चुकीची मेश त्याला तेच चुकीचं उत्तर देणार. त्याने ड्रॉइंगवरून स्वतःचं मॉडेल करावं, त्याला मालकाने नेमावं आणि पैसे मालकाने द्यावेत.

भार चाचणी असेल तर आणखी एक गोष्ट. आयएस ४५६ प्रमाणे पूर्ण स्वभाराबरोबर (रचनेच्या स्वतःच्या वजनाबरोबर) चल भाराच्या, म्हणजे वापरात येणाऱ्या भाराच्या, सव्वापट भार चोवीस तास ठेवतात, आणि तो काढल्यावर पुढच्या चोवीस तासांत वाकण्यातला किमान ७५ टक्के भाग परत यावा लागतो. नाही आला तर चाचणी पुन्हा. निविदेचा दर जसा बंद पाकिटात येतो, तसा सिम्युलेशनचा अंदाज चाचणीआधी बंद पाकिटात घ्यावा. अंदाज १२ मिलिमीटर आणि प्रत्यक्षात ८ आले, तर सगळे खूश होतात. खूश होऊ नये. पुलाला आधारावर हलू देणारं बेअरिंग अडकलेलं असलं तरी पूल कमीच वाकतो.

नेहमी घेतले जाणारे आक्षेप

‘सॉफ्टवेअर जगप्रसिद्ध आहे.’ स्लाइपनरसाठी वापरलेलं नॅस्ट्रान हे सॉफ्टवेअरही जगप्रसिद्ध होतं, आणि त्याच्यात दोष नव्हता. वजनकाटा प्रमाणित असला तरी पारड्यात काय ठेवलं ते पाहावंच लागतं.

‘सुरक्षा गुणांक आहेच की.’ तो काँक्रीटच्या कमीजास्त ताकदीसाठी आणि भाराच्या अंदाजातल्या चढउतारासाठी ठेवलेला असतो. गणिताच्या चुकीने तो आधीच खाल्ला, तर साइटवरच्या चुकांसाठी काहीच उरत नाही.

‘तीन मेश म्हणजे तिप्पट खर्च.’ नाही. घनाकृती मॉडेलमध्ये बाजू दुप्पट केली की तुकडे आठपट कमी होतात. बारीक मेशला आठ तास लागत असतील, तर मधलीला ढोबळमानाने एक तास आणि जाड मेशला आठ मिनिटं. म्हणजे जादा वेळ सुमारे चौदा टक्के, तोही रात्री संगणकाने एकट्याने घालवलेला.

‘लहान कामाला एवढं कशाला?’ नकोच. दोन खोल्यांच्या घराच्या तुळईला तीन मेश लागत नाहीत. तिथे पुस्तकातलं सूत्र पुरतं आणि संगणकाची गरजच नसते. तपासणीचा आवाका चुकीच्या परिणामाइतका असावा. पण सही करणाऱ्याने हातगणिताचं एक पान मागावं, आणि ते पान फाइलला लागल्याशिवाय बिल पुढे पाठवू नये.